भाडे थकले, नोटीस आली : घर लगेच सोडावे लागते का?

वस्त्यांमध्ये काम करताना आमच्याकडे अधूनमधून एकाच प्रकारचा कागद घेऊन लोक येतात. वकिलाच्या लेटरहेडवर इंग्रजीत टाईप केलेली नोटीस. अमुक महिन्यांचे भाडे थकले आहे, ते भरा आणि इतक्या दिवसांत जागा खाली करा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू, एवढाच तिचा सारांश असतो. हा कागद घरात आला की दोन गोष्टींपैकी एक घडते. काही कुटुंबे घाबरून आठवड्याभरात सामान बांधतात, डिपॉझिटवर पाणी सोडतात आणि मुलांची शाळा मध्येच तोडून दुसरीकडे जातात. काही जण पोस्टमनला 'घरी कोणी नाही' असे सांगून पाकीट परत पाठवतात आणि विषय संपला असे समजतात. पहिल्यांचे घर नको असताना जाते, दुसऱ्यांचे काही महिन्यांनी कोर्टातून जाते.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो. नोटीस म्हणजे घर खाली करण्याचा आदेश नाही. ती मालकाची लेखी मागणी आहे. राहत्या भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा आदेश न्यायालय देते, किंवा काही प्रकरणांत कायद्याने नेमलेला सक्षम प्राधिकारी देतो. मालक देत नाही, त्याचा वकील देत नाही, सोसायटीचा चेअरमन देत नाही आणि पोलीस ठाण्यातले साहेबही देत नाहीत. पण नोटीस हाती पडली की दिवस मोजायला सुरुवात होते, हेही तितकेच खरे आहे. ते दिवस किती, हे आपण कोणत्या कागदावर त्या घरात राहतो यावर ठरते.

महाराष्ट्रात भाडेकरूंसाठीचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. (व्हॉट्सअॅपवर 'नवीन भाडे कायदा' म्हणून जे फिरते, तो केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. 'दोनच महिन्यांचे डिपॉझिट घेता येते' हे त्यातले वाक्य मालकासमोर फेकून उपयोग नाही.) १९९९ च्या कायद्यातले कलम १५ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे. त्याचे पहिले म्हणणे असे की, भाडेकरू भाडे देत आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर मालकाला थकबाकीच्या कारणावरून ताबा मिळत नाही. दुसरे, मालकाने लेखी नोटीस देऊन भाडे मागितले पाहिजे आणि ती नोटीस भाडेकरूला मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय त्याला दावाच दाखल करता येत नाही.

तिसरी तरतूद सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली आहे. समजा ते ९० दिवसही गेले, भाडे भरता आले नाही आणि मालकाने दावा लावला. कोर्टाचे समन्स हातात पडल्यापासून पुन्हा ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सगळी थकबाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज धरून, कोर्टात भरली, त्यानंतर दावा संपेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. १८,००० रुपये वर्षभर थकले असतील तर व्याज २,७०० रुपये होते. बचत गटातून किंवा नातेवाइकांकडून उभी करता येईल अशी ही रक्कम आहे. नवे घर शोधायचे तर एजंटची दलाली, नवे डिपॉझिट आणि टेम्पोचे भाडे धरून याच्या कितीतरी पट खर्च येतो.

यातला 'नियमित' हा शब्द लोक विसरतात. एकदा मोठी रक्कम कोर्टात भरली, सुटलो, असे वाटते. मग पुढचे चार महिने भाडे भरले जात नाही आणि मिळालेले संरक्षण हातचे जाते. दर महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. कार्यकर्त्याने पहिल्या ९० दिवसांत केलेल्या धावपळीपेक्षा नंतरच्या महिन्यांत केलेली आठवण जास्त कामाची असते.

आता आम्ही हाताळलेले एक प्रकरण सांगतो, कारण यात एक जुनी चाल दिसते. चाळीतल्या एका खोलीत पंचवीसेक वर्षे राहणारे कुटुंब. भाड्याच्या पावत्या नवऱ्याच्या नावावर. नवरा वारला. बाई घरकाम करतात. पुढच्या महिन्यात त्या भाडे द्यायला गेल्या तर मालकाचा माणूस म्हणाला, "पावती कोणाच्या नावाने फाडू? आधी नावाचे बघू, मग भाडे घेऊ." असे सात-आठ महिने चालले. बाई पैसे घेऊन जायच्या आणि परत यायच्या. मग एक दिवस वकिलाची नोटीस आली की, तुमचे भाडे थकले आहे, पंधरा दिवसांत जागा खाली करा.

म्हणजे आधी भाडे घ्यायचे नाही आणि नंतर ते थकले म्हणायचे. वस्तीतली पोरे चिडली. मालकाच्या दारात मोर्चा नेऊ म्हणाली. आम्ही त्यांना थांबवले. मोर्चाने मालक दोन दिवस घाबरला असता, पण भाडे दिल्याचा पुरावा त्यातून तयार झाला नसता. पुरावा असा तयार होतो : मालकाने हातात घेतले नाही तर भाडे मनीऑर्डरने पाठवायचे. ती 'घेण्यास नकार' अशा शेऱ्याने परत आली तर ते कागद जपून ठेवायचे. मालकाचा बँक खाते क्रमांक माहीत असेल तर थेट खात्यात भरायचे आणि कोणत्या महिन्याचे भाडे ते शेऱ्यात लिहायचे. या बाईंच्या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर गेले. त्यात तीन गोष्टी होत्या. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस याच कायद्याच्या कलम ७ मधल्या 'भाडेकरू'च्या व्याख्येनुसार भाडेकरू ठरतो. भाडे दर महिन्याला द्यायला नेले होते, ते नाकारले गेले. आणि सगळी थकबाकी देण्याची आजही तयारी आहे. सोबत पैसेही पाठवले, त्यासाठी बाईंनी बचत गटातून कर्ज काढले. मालकाने शेवटी रक्कम घेतली. पावतीवरचे नाव बदलायला मात्र तो अजून तयार नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

पावती देणे हे मालकावरचे उपकार नाहीत. भाडे घेतले की लेखी पावती देणे कलम ३१ नुसार बंधनकारक आहे आणि न देणे हा दंडास पात्र गुन्हा आहे. आमच्या अनुभवात थकबाकीच्या निम्म्या भांडणांचे मूळ इथेच असते. रोख दिले, डायरीत लिहिले, डायरी मालकाकडे. हिशेबाला बसल्यावर भाडेकरूकडे काहीच निघत नाही. ज्यांच्या आईवडिलांनी सही न करता अंगठा उठवून आयुष्य काढले, त्या घरांत पावती मागणे म्हणजे मालकावर अविश्वास दाखवणे असे अजूनही वाटते. तरुणांनी ही सवय मोडायला हवी. निदान महिन्याच्या महिन्याला मालकाला मोबाईलवर मेसेज टाका : अमुक महिन्याचे इतके भाडे आज रोख दिले. त्याने उलट 'हो' एवढे लिहिले तरी तो पुरावा आहे.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांचे काय?

इथपर्यंत जे सांगितले ते चाळीतल्या, पागडीतल्या, जुन्या भाडेकरूंना लागू होते. आपले बहुतेक विद्यार्थी आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेले तरुण मात्र भाडेकरू नसतातच. ते 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहतात. बोलताना आपण भाडे म्हणतो, पण कागदावर ते परवाना शुल्क असते, आणि या एका शब्दाने कलम १५ चे दोन्ही ९० दिवस निघून जातात. अशा करारात थकबाकीबद्दल काय होईल हे करारातच लिहिलेले असते : किती महिने चुकले तर करार रद्द, किती दिवसांची नोटीस. बहुतेक जण सही करताना फक्त भाडे आणि डिपॉझिटचा आकडा बघतात. रद्द करण्याचे कलम वाचत नाहीत.

मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथे दोन गोष्टी जड जातात. मुदत संपल्यापासून ताबा जाईपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र दाखल करून बाजू मांडायची परवानगी मिळवली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरले जाते. म्हणून चाळीतल्या काकांना दिलेला 'घाबरू नको, वर्षानुवर्षे केस चालते' हा सल्ला हॉस्टेल न मिळाल्याने फ्लॅट घेतलेल्या विद्यार्थ्याला देऊ नका. त्याचे नुकसान होईल.

करार नोंदणीकृत नसेल तर? कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेल्या कागदावर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

विद्यार्थ्यांची थकबाकी हा वेगळाच प्रश्न आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. सुरुवातीच्या दरानुसार मुंबई-पुण्यासारख्या शहरांत निवासासाठी वर्षाला २०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७०० सुद्धा नाहीत. तेही दर महिन्याला येत नाहीत. हप्ते रखडल्याची ओरड सुरुवातीपासून आहे. मालकाला एक तारखेला पैसे हवे असतात, शासनाचा हप्ता केव्हा येईल ते कोणी सांगत नाही. हप्ता उशिरा येणे हा मालकासमोर कायदेशीर बचाव ठरत नाही, हे कडू असले तरी खरे आहे. पण अर्जाची पोच आणि मंजुरीची प्रत मालकाला दाखवून, अमुक तारखेपर्यंत इतके आणि तमुक तारखेपर्यंत इतके देतो असे लेखी ठरवून घेता येते. बरेच मालक ऐकतात. त्यांनाही महिनाभर रिकामी खोली परवडत नाही. समाजकल्याण कार्यालयावर दबाव आणणे हे संघटनांचे काम आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. पण ते काम चालू आहे म्हणून भाडे थांबत नाही.

लॉकडाऊनमध्ये हाच गैरसमज झाला होता. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सांगितले की, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडे थकले म्हणून कोणाला काढू नका. वस्त्यांमध्ये त्याचा अर्थ 'तीन महिन्यांचे भाडे माफ' असा लावला गेला. वसुली पुढे ढकलली होती, माफ केली नव्हती. त्या थकबाकीवरून पुढे अनेक घरांत भांडणे झाली.

झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्यांसाठी आणखी एक कायदा आहे, तो वकिलांच्याही लक्षात लवकर येत नाही. महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम, १९७१ च्या कलम २२ नुसार घोषित झोपडपट्टी क्षेत्रातल्या रहिवाशाला काढण्यासाठी किंवा त्याच्याकडून थकलेले भाडे वसूल करण्यासाठी दावा लावायचा, तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. परवानगी देताना, बाहेर काढल्यावर या माणसाला त्याच्या ऐपतीत दुसरी जागा मिळेल का, हा विचार करावा लागतो. आपली वस्ती घोषित आहे की नाही, ते एकदा तपासून ठेवा. याउलट भाडे नियंत्रण कायदा त्याच्या परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. त्याबाहेरच्या गावात महिन्याच्या भाड्यावर राहत असाल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली १५ दिवसांची नोटीस पुरते.

कुलूप, पाणी आणि जात

नोटिशीची वाट न पाहता कुलूप बदलणारे मालक असतात. काही जण पाण्याची लाईन तोडतात, मीटरची वायर काढतात. थकबाकी कितीही असो, हे बेकायदा आहे. पाणी, वीज अशा आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडायला कलम २९ ने मनाई आहे. भाडेकरू त्यासाठी न्यायालयात अर्ज करू शकतो. कुलूप लावून बाहेर काढले, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपलेला असला तरी, कायद्याच्या मार्गानेच काढावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. पोलीस 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून हात झटकतात. तसे म्हणाले तर त्यांना एवढेच विचारा की, दिवाणी प्रकरण आहे तर मालकाने कोर्टाचा हुकूम दाखवल्याशिवाय सामान बाहेर कसे काढले? तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

आता जातीबद्दल. बडोद्याचा प्रसंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. आज कोणी काठ्या घेऊन दारात येत नाही. आडनाव कळते, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसतो, आणि मग आठ दिवस उशिरा आलेले भाडे अचानक मोठा गुन्हा ठरतो. शेजारच्या खोलीतल्या मुलाचे भाडे दोन महिने थकलेले असते, त्याला कोणी काही म्हणत नाही. अशा वेळी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(छ) मध्ये जागेतून बेकायदा बेदखल करणे येते आणि त्याच कलमात राहते घर सोडायला भाग पाडणे हाही गुन्हा आहे. मात्र प्रत्येक थकबाकीच्या भांडणाला हे कलम जोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालकाने जातीवरून बोलल्याचे मेसेज, ऐकणारे साक्षीदार, इतर भाडेकरूंना मिळालेली वेगळी वागणूक यांतले काही हातात असेल तर मागे हटू नका. काहीच नसेल तर आधी भाड्याचा हिशेब पूर्ण करा. हिशेब पूर्ण झाला की मालकाच्या हातातले निमित्त संपते आणि खरे कारण उघडे पडते.

एक गोष्ट आपल्यात कमी बोलली जाते. आता मालकही आपल्यातले आहेत. निवृत्तीचे पैसे घालून वर एक मजला चढवला, दोन खोल्या भाड्याने दिल्या, त्यावर औषधपाणी चालते, अशी अनेक ज्येष्ठ मंडळी आहेत. भाडे सहा महिने थकले की त्यांचेही हाल होतात. त्यांनी काय करावे? कुलूप लावू नये, पोरे पाठवू नयेत. नोटीस नीट द्यावी : जागेचे वर्णन, ठरलेले भाडे, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत थकले, मिळालेली रक्कम वजा करून एकूण किती. ती सही करून पोस्टाने पाठवावी किंवा हातोहात देऊन पोच घ्यावी, आणि कोणीच घेत नसेल तर दारावर दिसेल अशी चिकटवून फोटो काढावा. भाडेकरूने मुदतीत पैसे आणून दिले तर ते घ्यावेत. घर खाली व्हावे म्हणून पैसे नाकारणारा मालक स्वतःचीच केस कच्ची करतो.

आणि पाकीट नाकारणाऱ्या भाडेकरूंसाठी : योग्य पत्त्यावर पाठवलेले पाकीट 'घेण्यास नकार' असे लिहून परत गेले, तर ते मिळाले असेच साधारणपणे न्यायालय मानते. ९० दिवस चालू होतात आणि आत काय लिहिले आहे हे मात्र आपल्याला कळत नाही. नोटिशीत कधी कधी थकबाकीसोबत पोटभाडेकरू ठेवला, घर सहा महिने बंद ठेवले, मालकाला स्वतःसाठी जागा हवी आहे अशी कारणेही असतात. भाडे भरून त्यांचे उत्तर होत नाही, त्यांना वेगळे उत्तर द्यावे लागते. म्हणून नोटीस घ्या, पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा आणि पाकीटही फेकू नका.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून उत्तर न देणारे खूप भेटतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेले अनुसूचित जातीचे लोकही त्यात येतात. जातीचा दाखला हाताशी नसला तरी स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून ही मदत मिळते, तिथेही उत्पन्नाची अट नाही. वर सांगितलेल्या बाईंना वकील याच मार्गाने मिळाला. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचे कार्यालय असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. जाताना नोटीस, तिचे पाकीट, भाडेकरार, असतील तेवढ्या पावत्या, बँकेचे पासबुक, लाईट बिल आणि जातीचा दाखला सोबत न्या. नोटीस मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात जा, ऐंशीव्या दिवशी नको.